पन्नाशीपर्यंत गाडी ठेवायची कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून जुन्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो येतात, रविवारच्या पुरवणीत तर कधीकधी अर्धं पान, आणि प्रत्येक फोटोखाली हमखास दोन गोष्टी असतात, गाडी कुठल्या संस्थानिकाची होती आणि आज तिची किंमत किती. फोटो छान असतात, तक्रार नाही. पण गाडी ही चालायची वस्तू आहे ना, मग ती चालायची कशी, चालवणारा काय करायचा, बिघडली तर कोण बघायचा ह्याबद्दल कधी एक ओळ नसते. मी ठाण्यातच शाळेत फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर आहे, त्यामुळे "का" विचारायची खोड काही जात नाही. गाड्यांचं वेड मला नाही, ते आमच्या ह्यांना. पण हे पत्र मीच लिहितेय कारण हे नुसते "लिहायला पाहिजे एकदा" म्हणत बसतात. मागणी एवढीच की राजांच्या गाड्यांसारखी आपल्या साध्या माणसांच्या फियाट-लॅम्ब्रेटालाही ठाण्याकडे कुठेतरी एक शेड मिळावी, पण ती का ते आधी सांगते.

ह्या हिवाळ्यात आम्ही गोंडलला जाऊन आलो. गोंडल म्हणजे राजकोटच्या पुढे साधारण चाळीस किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव, मिरची आणि शेंगदाण्याच्या मार्केट यार्डासाठी प्रसिद्ध. ठाणेकराला सौराष्ट्र मेल पकडायची तर आधी बोरिवली गाठायची, बोरिवली म्हणजे घोडबंदर रोड, आणि घोडबंदर रोड म्हणजे गाडी रात्रीची असली तरी घरातून दुपारीच निघालेलं बरं, पण ते असो, त्यावर वेगळं पत्र लिहीन. सोबत माझी भाची आणि तिचा मुलगा, सातवीतला. सगळ्यांनी विचारलं, गाड्या बघायला गोंडलला कशाला? तर गंमत अशी आहे की आपल्या देशात जुन्या गाड्या नीट बघायच्या तर बऱ्याचदा लहान गावातच जावं लागतं. हरियाणात तावडूला २०१३ पासून वाहतुकीचं मोठं म्युझियम आहे, कर्नाटकात धर्मस्थळला देवदर्शनाला गेलेली माणसं तिथलं कार म्युझियमही बघून येतात. उदयपूरला मेवाडच्या राजघराण्याच्या गाड्या २००० सालापासून बघायला मिळतात, अहमदाबादबाहेर कठवाड्याला शंभरावर गाड्या आहेत. म्हणजे ज्याच्याकडे जागा त्याच्याकडे म्युझियम, सरळ हिशोब आहे.

गोंडलच्या गाड्या ऑर्चर्ड पॅलेसच्या आवारात आहेत, राजघराण्याच्या गॅरेजमध्येच. हे महत्त्वाचं आहे, गाड्या कुठूनतरी विकत आणून मांडलेल्या नाहीत, एकाच घराने घेतलेल्या, वापरलेल्या आणि ठेवून दिलेल्या आहेत. १९१०च्या सुमाराची न्यू इंजिन नावाच्या इंग्लिश कंपनीची गाडी आहे (कंपनी लंडनच्या ॲक्टन भागातली, कधीच बंद पडली), मग डेलाज, डेमलर, पॅकार्ड, मर्सिडीज, आणि पन्नाशीच्या दशकातल्या त्या लांबलचक कॅडिलॅक, ज्या आमच्या सोसायटीच्या गेटातून वळल्याही नसत्या. बाहेर राजाचा रेल्वेचा सलून डबासुद्धा ठेवलाय. गोंडलचे महाराज भगवतसिंहजी म्हणजे आपल्याला सयाजीराव माहीत आहेत त्या जातीचे राजे, एडिंबरात शिकून डॉक्टर झालेले, मुलींचं शिक्षण सक्तीचं केलेले, गुजराती भाषेचा नऊ खंडांचा कोश करून घेतलेले. अशा माणसाच्या गावात यंत्रं जपली गेली ह्यात मला नवल वाटलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. एका गाडीच्या रेडिएटरखाली पोराला एक भोक दिसलं. "मावशीआजी, हे चार्जिंगचं का?" असं त्याने विचारलं आणि आमचे हे इतके हसले की तिथला म्हातारा माणूस उठून आला. मग त्याने अर्धं गुजराती अर्धं हिंदी करत, हातात काही नसताना, हँडल कसं मारायचं ते करून दाखवलं आणि मला वाटतं आमच्या ट्रिपचे पैसे तिथेच वसूल झाले.

ते सांगते, कारण पुस्तकात हे कुणी नीट सांगत नाही. हँडल त्या भोकातून आत घालून क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, अडकवायचं आणि हाताने इंजिन फिरवायचं, इतपत सगळ्यांना माहीत असतं, जुन्या पिक्चरमध्ये बघितलेलं असतं. पण त्याने आधी मूठ दाखवली. चार बोटं हँडलवर आणि अंगठाही त्याच बाजूला, बोटांच्या शेजारी, हँडलला विळखा घालायचा नाही. आणि हँडल खाली दाबायचं नाही, खालून वर ओढायचं. पोरगं म्हणालं अंगठ्याने काय होतंय. तर होतं असं की सिलिंडरमध्ये पिस्टन वर येत असताना ठिणगी जर जरा आधी पडली तर पेट्रोलचा भडका पिस्टनला उलटा खाली ढकलतो, म्हणजे इंजिन उलटं फिरतं, म्हणजे तुमच्या हातातलं हँडल आख्ख्या इंजिनाच्या ताकदीने उलटा झटका मारतं. अंगठा विळखा घालून असेल तर अंगठा गेला नाहीतर मनगट गेलं. वर ओढत असाल आणि अंगठा मोकळा असेल तर मूठ आपोआप उघडते आणि हँडल हातातून सुटतं, बस्स. म्हणून त्या काळच्या गाड्यांना स्टीअरिंगपाशी एक छोटी दांडी असायची, ठिणगी लवकर पाडायची का उशिरा ते ठरवायची, चालू करताना ती "उशिरा"वर ठेवायची आणि इंजिन लागलं की हळूहळू पुढे घ्यायची. आता हे सगळं तुमच्या गाडीतला कॉम्प्युटर करतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

मी वर्षानुवर्षं दहावीला उष्णता इंजिन शिकवलं, चार स्ट्रोक फळ्यावर काढले, पण ठिणगीची वेळ ही गोष्ट एका म्हाताऱ्याच्या रिकाम्या मुठीने जशी पोराच्या डोक्यात गेली तशी माझ्या फळ्यावरून कुणाच्या गेली असेल असं मला वाटत नाही.

आणि हँडलवरूनच पुढची गोष्ट. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेवरचा सेल्फ स्टार्टर गाडीत बसवला, बटण दाबलं की मोटर इंजिन फिरवणार. त्याच्या आधी बायकांनी स्वतः गाडी काढायची तर एकतर हँडल मारायला कुणीतरी पाहिजे किंवा मग बॅटरीवरची गाडी पाहिजे, आणि खरंच तेव्हा तिकडे इलेक्ट्रिक गाड्या बायकांसाठी म्हणून जाहिरात करून विकायचे, हँडल मारावं लागत नाही, धूर नाही, वास नाही. सेल्फ आला आणि इलेक्ट्रिक गाडीची ती जमेची बाजू गेली. म्हणजे पोराने चार्जिंगचं भोक म्हटलं ते काही अगदीच वेडेपणाचं नव्हतं, शंभरहून जास्त वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये विचारलं असतं तर कुणी हसलं नसतं. हे मी ह्यांना तिथेच सुनावलं.

आता दुसऱ्या एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, आम्ही मागे गेलो होतो तिथे प्रत्येक गाडीपुढे पितळी पाटी, पाटीवर मेक, मॉडेल, साल आणि मालकाचे सगळे किताब, पाच ओळी किताबच. बॉनेट बंद, दार बंद, दोरी लावलेली, विचारायला कुणी नाही. फोटोसाठी उत्तम. पण लाकडी आऱ्यांचं चाक बघून पोरांना प्रश्न पडतो की लाकूड कसं टिकतं, दाराच्या खांबातून केशरी हात बाहेर येतो तो कशाला (तो इंडिकेटर, आत दिवा असतो आणि विजेच्या चुंबकाने वर उचलला जातो), ह्यातलं पाटीवर काही नाही. ज्याला उत्तर मिळत नाही तो सेल्फी काढतो, त्याचा तरी काय दोष.

महाराष्ट्रात असं काही नाहीच असंही नाही. नगरला लष्कराचं रणगाड्यांचं म्युझियम आहे, १९९४ पासून, तिथे रोल्स रॉइसची चिलखती गाडीसुद्धा आहे. कोल्हापूरची मेबॅक तर सगळ्यांना ठाऊक, दसऱ्याला छत्रपती घराणं त्या गाडीतून दसरा चौकात येतं आणि गाडी बघायला सोन्याइतकीच गर्दी. मला कोल्हापूरचं हे जास्त आवडतं कारण ती गाडी चालते, वर्षातून एकदा का होईना पण गावासमोर चालते, आणि चालते म्हणजे तिच्यामागे तिला चालती ठेवणारा कुणीतरी माणूस आहे. नुसती उभी ठेवलेली गाडी मरते, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, रबर कडक होतं, टायर एकाच जागी चेपतात म्हणून तर बरेच लोक जॅकवर चढवून ठेवतात.

पण ह्या सगळ्या राजांच्या गाड्या. ठाण्याच्या माणसाचा पॅकार्डशी काय संबंध? आमचा संबंध फियाटशी. आणि इथे मला खरं म्हणायचंय ते सुरू होतं.

ठाण्याहून मुंबईकडे जो रस्ता जातो तो एलबीएस मार्ग, आमच्या लहानपणी आग्रा रोडच म्हणायचे. त्या रस्त्यावर काय काय बनायचं बघा. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना, सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली काढलेली कंपनी, ज्यांनी विमानाचा कारखाना काढला, जहाजांची कंपनी काढली, त्यांनीच मोटारीचीही. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, डिसोटो, प्लिमथ गाड्या जोडायचे, ट्रकसुद्धा, डॉज आणि फार्गो, जुने ट्रकवाले अजून फार्गोचं नाव काढतात. मग इटलीच्या फियाटशी करार. मग ती गोलमटोल फियाट आली जिला सगळी मुंबई डुक्कर फियाट म्हणायची, पुढची दारं उलटी उघडायची तिची. मग १९६४ ची डिलाइट, आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे सलग सीट आणि ड्रायव्हरशेजारी दोघं आरामात, तिसरा कडेवर. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे आणि गाडी आली की पेढे वाटायचे. तसंच पुढे भांडुपला आलात की ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना, लॅम्ब्रेटा स्कूटर तिथली. नव्वदच्या दशकात इकडे कल्याणला प्रीमियरने प्यूजोच्या ३०९ गाड्या काढल्या, त्या किती चालल्या ते सोडा पण काढल्या. आणि ठाण्यात १९६२ पासून वागळे इस्टेट, एमआयडीसीची पहिली वसाहत, तिथल्या शेडमधून ह्या सगळ्यांना लागणारे किती सुटे भाग गेले असतील. १६ एप्रिल १८५३ ला पहिली रेल्वे ठाण्याला आली हे आम्ही दरवर्षी सांगतो, भाषणं करतो, पण ज्या पट्ट्यात निम्म्या देशाची फियाट बनली त्या पट्ट्यात आज एक फियाट बघायची म्हटलं तर कुठे बघायची? कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर टॉवर आहेत.

मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी बंद. त्या आठवड्यात तुमच्यासकट सगळ्या पेपरांनी डोळ्यांत पाणी आणणारे लेख छापले. छान होते. मग?

आता कायद्याची गंमत ऐका. केंद्र सरकारने २०२१ ला नियम केला की ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, धंद्यासाठी नसलेली, चेसिस (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली, ती व्हिंटेज. तिला वेगळा नंबर मिळतो, त्यात "व्हीए" ही अक्षरं असतात, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नंतर पुन्हा नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. नियम चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. ह्या हिशोबाने १९७४ ची पहिली पद्मिनी आता पन्नाशीला पोचलेली आहे, म्हणजे डुक्कर फियाट सोडाच, पद्मिनीसुद्धा कायद्याने व्हिंटेज व्हायला लागली.

पण प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी, ग्रीन टॅक्स, कागद. आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, ते जुन्या गाडीच्या रबरी पाइपांना आणि कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, गॅस्केटला मानवत नाही, शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. शहराच्या हवेसाठी जुन्या गाड्या रोज रस्त्यावर नकोत हे मला पूर्ण मान्य आहे, मी काही उलटं म्हणत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत ही मधली पस्तीस वर्षं ती गाडी ठेवायची कुठे? राजाकडे गॅरेज होतं म्हणून पॅकार्ड टिकली. पॅकार्ड काही फियाटपेक्षा जास्त मजबूत होती म्हणून नाही टिकली. मास्तर, बँकेतला क्लार्क, डॉक्टर, टॅक्सीवाला ह्यांच्याकडे गॅरेज नव्हतं म्हणून त्यांच्या गाड्या भंगारात गेल्या, आणि अजून पन्नास वर्षांनी कुणी म्युझियमला गेलं तर त्याला वाटेल की ह्या देशात फक्त महाराजेच गाडी चालवायचे.

आमच्या पद्मिनीची कथा सांगते म्हणजे कळेल. आमची चरईतली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आधी अंगणात झाडाखाली उभी असायची, कुणाला अडचण नव्हती, पोरं बॉनेटवर बसायची. नवीन टॉवरमध्ये प्रत्येकाला एक पार्किंग, तेही स्टॅक, म्हणजे लोखंडी पाळण्यात एकावर एक गाडी. एकाच जागेत नवीन गाडी ठेवायची का जुनी हा प्रश्न होता, आणि ह्यांनी हट्टाने जुनी ठेवली. आमचा पाळणा वरचा. जुन्या फियाटच्या इंजिनाखालून दोनचार थेंब ऑइल गळतंच, ते गळणं म्हणजे तब्येत बरी असल्याचं लक्षण असं आमचा मिस्त्री म्हणायचा. ते थेंब रात्रभर खालच्या शेजाऱ्यांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या एसयूव्हीच्या काचेवर. ह्यांनी ट्रे लावला, ट्रे भरला आणि पाळणा वर जाताना एकदम ओतला गेला. पुढचं काय ते तुम्हीच समजा, सोसायटीची मीटिंग, विषय क्रमांक एक. शेजारी बिचारे चांगले, बरोबरच होतं त्यांचं. ह्यांनी ओळखीपाळखीत सगळ्यांना विचारलं, कुणाचा गावाला गोठा आहे का, कुणाची शेड आहे का, एक चांगली चालती गाडी ठेवून घ्या, फुकट घ्या. भिवंडीकडे गोडाऊनवाल्यांनी महिन्याचं भाडं सांगितलं ते गाडीच्या किमतीपेक्षा वर्षभरात जास्त. शेवटी भंगारवाल्याने वजनावर नेली. ह्यांनी त्या दिवशी क्रिकेटची मॅच लावली आणि खिडकीत गेले नाहीत.

असं एका घरात नाही झालेलं. नौपाड्यात, पाचपाखाडीत, वाशीच्या जुन्या सिडकोच्या सोसायट्यांत, जिथे जिथे रिडेव्हलपमेंट चालू आहे तिथे कव्हर घातलेली एक तरी फियाट किंवा लॅम्ब्रेटा कोपऱ्यात असते आणि बिल्डरची पत्र्याची भिंत उभी राहिली की ती जाते. म्हणजे ह्या गाड्या आत्ता जातायत, ह्याच काही वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत.

म्हणून मागणी. ठाणे महापालिकेने, नाहीतर नवी मुंबईत सिडकोने, एमआयडीसीने, कुणीही, एक बंद पडलेली शेड द्यावी. वागळेतली द्या, नाहीतर तिकडे ठाणे-बेलापूर रोडवर टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यातली द्या. महाल नको, काचेची इमारत नको, कृपा करून लेझर शो तर अजिबात नको, कारण आमच्याकडे पैसा आला की आधी लेझर शो येतो आणि दोन वर्षांनी तो बंद पडलेला असतो. पत्र्याची शेड, पक्की जमीन, पावसाचं पाणी आत येणार नाही एवढी उंची, आणि एक खड्डा, जसा गॅरेजमध्ये गाडीखाली उतरायला असतो तसा, पण मुलांना वरून बघता येईल असा. गाड्या दहा-बारा पुरे. डुक्कर फियाट, डिलाइट, काळीपिवळी पद्मिनी मीटरसकट, लॅम्ब्रेटा, मुंबईत जोडलेली जीप, फार्गोचा ट्रक सापडला तर सोन्याहून पिवळं, मॅटाडोर, जुनी रिक्षा. लोकांना आवाहन करा, देतील लोक, पैसे न घेता देतील, फक्त भंगारवाल्याच्या आधी तुम्ही पोचलं पाहिजे. रस्त्यावर न्यायच्या नसल्याने धुराचा प्रश्न नाही, पासिंगचा प्रश्न नाही. बेस्टने आणिक आगारात ट्राम आणि बसचं म्युझियम करून ठेवलंय ना, मुंबईतली ट्राम १९६४ ला बंद झाली आणि आज पोराला ट्राम म्हणजे काय ते दाखवायला एक जागा आहे. तेवढंच हवंय.

आणि पाट्या लिहायला मिस्त्री बोलवा. हे मी अगदी गांभीर्याने म्हणतेय. वागळेत, कळव्यात, उल्हासनगरला अजून काही मिस्त्री आहेत ज्यांचे हात ह्या गाड्यांवर गेले. आमचा मिस्त्री पद्मिनीचे पॉइंट सेट करायचा ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग, त्याचं काळं झाकण काढायचा, आत पॉइंटची दोन छोटी टोकं, ती उघडली की ठिणगी पडते, त्यावर काजळी धरलेली असायची, ती पॉलिश पेपरने अलगद घासायचा, मग त्या दोन टोकांमधलं अंतर. त्याच्याकडे गेज असायचं पण तो वापरायचा नाही, पोस्टकार्डाचा फाडलेला तुकडा मध्ये सरकवायचा, तो जरासा अडकून निघाला म्हणजे बरोबर, सुळकन निघाला म्हणजे जास्त. मी एकदा हट्टाने शाळेतला मायक्रोमीटर आणून त्याच्या त्या तुकड्याची जाडी मोजली होती आणि तोंडात बोट घातलं होतं. नंतर कान लावून इंजिन ऐकायचा आणि स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा. पोस्टखात्याचं कार्ड आणि इंजिनाची ठिणगी ह्यांचा संबंध कुठल्याही म्युझियमच्या पाटीवर तुम्हाला सापडणार नाही, आणि आमचा मिस्त्री आता ऐंशीच्या पुढे आहे, त्याला हाताला कंप आहे, पण सांगता सगळं येतं. त्याच्यासारख्या माणसांना महिन्यातून एक रविवार मानधन देऊन बसवा, समोर बॉनेट उघडी ठेवा, शाळांच्या सहली आणा. आयटीआयची पोरं आणा, त्यांना कार्ब्युरेटर उघडायला द्या, मोडला तर मोडला.

कुणी म्हणेल महापालिकेला खड्डे बुजवता येत नाहीत तिथे म्युझियम कसलं काढताय. बरोबर आहे, खड्डे बुजवाच. पण खड्डे बुजेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही असं ठरवलं तर आपण काहीच करणार नाही.

आमच्याकडे पद्मिनीचं मूळ टूलकिट, तिची हँडबुकं आणि एक जास्तीचा डिस्ट्रिब्युटर आहे, शेड झाली तर पहिल्या दिवशी आणून देऊ, आणि मुलांना ठिणगीची वेळ समजावून सांगायला रविवारी मी येईन, मानधन नको, फक्त फळा आणि खडू द्या. पत्र फार लांबलंय ह्याची कल्पना आहे. कापायचं असेल तर गोंडलचा भाग कापा, आग्रा रोडचा राहू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
चरई, ठाणे (प.)